यू नसलेला क्यू आणि स्वर नसलेले इंग्रजी शब्द : अर्थासकट शिकवायचे कसे?

गोदातीर :
नाशिकरोडला सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या मुलांचा स्क्रॅबलचा, म्हणजे गुण असलेल्या अक्षरांच्या सोंगट्या पटावर जुळवून इंग्रजी शब्द करायच्या खेळाचा, गट आहे. दोन जातीच्या शब्दांपाशी मुलं हमखास अडतात. एक, ज्यात क्यू आहे पण त्याच्या पाठोपाठ यू नाही. दुसरे, ज्यात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नाही. नेटवर याद्या ढिगाने मिळतात, पण त्यात नुसते शब्द असतात. मुलं पाठ करतात, आठवड्यात विसरतात, आणि लक्षात राहिलंच तर अनेकवचनात चुकतात. जाणकारांनी अर्थ, उच्चार आणि पटावर नेमकं काय बिघडतं ते सांगावं. खेळात चालणाऱ्या शब्दांसाठी आम्ही कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाची यादी धरतो. स्पेलिंग देवनागरीत अक्षरं सुटी करून लिहा, म्हणजे मोठ्याने वाचून दाखवता येईल.

शब्दखूण :
अक्षरांच्या क्रमाने पाठ करून घेऊ नका. शब्द कुठल्या भाषेतून आला त्यावरून गट पाडा. क्यूच्या मागे यू लावायची रीत इंग्रजीत लॅटिन आणि फ्रेंचमधून आली. ज्या शब्दांत तो यू नाही, ते बहुतेक त्या वाटेने आलेलेच नाहीत. ते मुख्यतः अरबी, हिब्रू, चिनी, अल्बेनियन आणि इन्युइट या भाषांमधले आहेत.

अरबी गट सगळ्यात मोठा, आणि मराठी मुलांना सगळ्यात सोपा, कारण अर्थ आधीच ठाऊक असतो. अरबीत क दोन आहेत, एक साधा आणि एक घशातून खोल काढायचा. त्या खोल क साठी इंग्रजीत क्यू लिहितात. म्हणून फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर, १७ गुण), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू, १४), वक्फ (डब्ल्यू-ए-क्यू-एफ, १९) हे सगळे चालतात. चुका कुठे होतात ते मात्र बघून ठेवा.

नकाब : आपण न म्हणतो म्हणून मुलं एन-ए लिहितात. मूळ उच्चार निकाब आहे, म्हणून एन-आय-क्यू-ए-बी. १६ गुण.

बुरखा : ख ऐकून के-एच लिहायचा मोह होतो. बी-यू-आर-क्यू-ए असं लिहिलं की क्यू खपतो. यात यू आहे, पण क्यूच्या आधी, तेव्हा हातात क्यू आणि यू दोन्ही असताना हा आठवायला हवा. याचेही १६.

काझी : झ ऐकून झेड लावतात. अरबीत तिथे वेगळाच, ड च्या जवळचा उच्चार आहे. फारसीतून आपल्याकडे येताना त्याचा झ झाला. इंग्रजीने या स्पेलिंगमध्ये अरबी रूप धरलं, म्हणून क्यू-ए-डी-आय. १४ गुण.

या सगळ्यांना शेवटी एस लागतो.

पंचवटी_पट :
शब्दखूण ताईंच्या काझीला जोडून एक. तीच चार अक्षरं फिरवली की क्यू-ए-आय-डी होतो, उच्चार का-ईद. अर्थ पुढारी, म्होरक्या. ‘कायदे आझम’ मधला कायद तो हाच. एक निवाडा करणारा, दुसरा नेतृत्व करणारा, आणि गुण दोघांचे सारखेच १४. पटावर जागा अरुंद असेल तेव्हा ही जोडी फार कामाला येते, कारण एकात आय शेवटी येतो आणि दुसऱ्यात डी. आडव्या शब्दाला कुठलं अक्षर जुळतंय ते बघून निवड करायची.

आणि मोठा मासा म्हणजे कव्वाली. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, बरोबर सात अक्षरं. पूर्ण संचात डब्ल्यूच्या सोंगट्या दोनच असतात, त्या दोन्ही यात लागतात. शब्दाचे मूळ गुण २२. पहिल्याच खेळीत लावला आणि क्यू मधल्या ओळीतल्या डावीकडच्या दुप्पट-अक्षराच्या घरावर, म्हणजे डावीकडून चौथ्या घरावर ठेवला, तर क्यूचे २० होतात, बेरीज ३२, मधल्या घरामुळे दुप्पट म्हणजे ६४, आणि सातही सोंगट्या लावल्याचे ५०. एकूण ११४. एक डब्ल्यू टाकून मुलं अडकतात, तेव्हा ‘व्व’ जोडाक्षर आहे हे ठसवा. गायकाला कव्वाल, म्हणजे शेवटचा आय काढला तरी शब्द उरतो.

सिडकोकर :
क्यू-ए-टी म्हणजे आपला पानातला कात ना? एका यादीत ‘चघळायची वनस्पती’ एवढंच दिलंय.

शब्दखूण :
नाही, सिडकोकर. पानाला लावायचा कात खैराच्या लाकडाचा गाभा उकळून, आटवून काढतात. क्यू-ए-टी हे वेगळं झुडूप आहे, यमन आणि इथिओपियाकडे त्याची लागवड होते. कोवळी पानं गालात धरून चघळतात, त्यातल्या कॅथिनोन नावाच्या द्रव्याने तरतरी येते. पानं सुकली की हे द्रव्य कमी होत जातं, म्हणून तिकडे ताज्या जुड्या रोजच्या रोज बाजारात आणाव्या लागतात. भारतात त्यावर बंदी आहे, मुलांना तेही सांगा. स्पेलिंगं तीन चालतात : क्यू-ए-टी, के-ए-टी, के-एच-ए-टी. क्यूने लिहिलं तर १२ गुण, नुसत्या के ने ७.

देवळालीकर :
क्यू-ए-एन-ए-टी कुणी घेतला नाही अजून. कनात, १४ गुण. मांडवाची कनात डोळ्यासमोर येते, पण हा शब्द पाण्याचा आहे. इराणकडे डोंगरपायथ्याशी आधी एक खोल विहीर खणून भूजल गाठतात. तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा काढतात, अगदी थोडा उतार ठेवून. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याचा तळ खरवडतं आणि भिंती ढासळतात. कमी पडला तर गाळ बसून बोगदा बुजतो. बोगद्याच्या वाटेवर ठरावीक अंतराने उभी भोकं पाडतात, त्यातून खणताना माती वर येते, आत हवा जाते, आणि नंतर साफसफाईला माणूस उतरू शकतो. पंप नाही, रहाट नाही, पाणी आपल्या वजनाने गावात येतं. इराणमधल्या अशा ११ कनातींना २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली.

मुलांना लांबचं उदाहरण द्यायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरने बांधलेली नहर आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच तत्त्वावर चालतात. दोन्ही १७व्या शतकातल्या. शाळेच्या सहलीत कुंडी भंडाऱ्याची ओळीने दिसणारी तोंडं ज्याने पाहिली, तो हा शब्द विसरत नाही.

गोदातीर :
छान, असंच हवं होतं. अरबी सोडून बाकीचे?

पंचवटी_पट :
चिनीतला क्यू-आय. उच्चार ‘ची’, अर्थ शरीरातली प्राणशक्ती, आपल्याकडच्या प्राणाच्या जवळचा. रोमन लिपीत चिनी लिहायची जी पद्धत आहे तिच्यात क्यू म्हणजे च च्या जवळचा आवाज. मुलं ‘की’ वाचतात आणि मग सी-एच-आय हा वेगळा शब्द समजतात. सी-एच-आय हे त्याच ची चं दुसरं स्पेलिंग आहे, शिवाय एका ग्रीक अक्षराचं नावही. क्यू-आय अमेरिकी यादीत २००६ पासून आहे, तेव्हापासून क्यूची भीतीच गेली. त्यालाही एस लागतो.

हा दोन अक्षरी शब्द नुसता पाठ असून भागत नाही, लावायचा कुठे ते कळलं पाहिजे. पटावर आधीचा एक आय शोधा, ज्याच्या डावीकडचं घर रिकामं आहे आणि ते तिप्पट-अक्षराचं आहे. तिथे क्यू ठेवा आणि क्यूच्या खाली हातातला आय. आता आडवा क्यू-आय झाला आणि उभाही. क्यूचे ३० दोन्हीकडे मोजले जातात, म्हणजे ३१ अधिक ३१, बासष्ट. दोन सोंगट्यांत ६२. इथे गडबड एकच होते : खाली ठेवलेल्या आयच्या उजवीकडच्या घरात, म्हणजे जुन्या आयच्या बरोबर खाली, एखादं अक्षर आधीच असेल तर तिथे तिसरा शब्द तयार होतो. तो नीट नसेल तर सगळी खेळी परत घ्यावी लागते. आधी ते घर बघायचं, मग सोंगटी उचलायची.

शब्दखूण :
बाकीचे भराभर. हिब्रूतला क्यू-ओ-पी-एच, १८ गुण, हिब्रू वर्णमालेतलं १९वं अक्षर, आकडा म्हणून त्याची किंमत १००. इस्रायलचं नाणं शेकेल हे एस-एच-ई-क्यू-ई-एल असंही लिहितात. त्याची अनेकवचनं दोन : एस लावून एक, आणि हिब्रू वळणाचं शेकालिम, एस-एच-ई-क्यू-ए-एल-आय-एम. अल्बेनियात लेक नावाच्या चलनाचा शंभरावा भाग किंदार, क्यू-आय-एन-डी-ए-आर. त्याला एस लागतो आणि के-ए सुद्धा लागतो. के-ए लावून होणारं किंदारका हे आधीच अनेकवचन आहे, त्याच्यापुढे पुन्हा एस लावला की खेळी बाद. इन्युइट लोकांची कातड्याची मोठी उघडी होडी म्हणजे उमियाक, यू-एम-आय-ए-क्यू. क्यू शेवटी येणारे शब्द थोडे, म्हणून उमियाक, तलाक आणि ट्रँक (टी-आर-ए-एन-क्यू, गुंगीच्या औषधाचं तोकडं नाव) हे तिन्ही एकत्र शिकवा. ट्रँक या पाच भाषांपैकी कुठलाच नाही, तो पूर्ण इंग्रजी शब्दाची शेपटी तोडून झालाय, आणि यू त्या शेपटीबरोबर गेला.

सिडकोकर :
कतार आणि इराक पण लावता येतील की.

पंचवटी_पट :
देशांची नावं, विशेषनामं, चालत नाहीत.

गोदातीर :
आता बिनस्वराच्या शब्दांकडे वळू या. रिदम, लिम्फ एवढे मुलांना येतात. त्यापुढे?

मखमलाबाद_मळा :
रिदममध्ये एच दोनदा का येतो हे सांगितलंत तर स्पेलिंग चुकणार नाही. शब्द ग्रीकमधून आला. ग्रीक शब्दाच्या सुरुवातीचा र इंग्रजीत आर-एच असा लिहितात आणि थ चा टी-एच. मध्ये वाय स्वराचं काम करतो.

लिम्फबरोबर निम्फ घ्या, एन-वाय-एम-पी-एच. मुलांना परी, वनदेवता एवढाच अर्थ सांगतात. कीटकशास्त्रात निम्फ म्हणजे अंड्यातून निघालेलं, पंख पुरते न फुटलेलं पिल्लू, जे अळी आणि कोष या अवस्थांतून न जाता कात टाकत टाकत मोठं होतं. द्राक्षबागेत तुडतुड्यांची ‘पिल्लं’ म्हणतो ती निम्फ. फुलपाखराच्या अळीला हा शब्द लागत नाही. आपल्याकडे घरटी कुणीतरी बागेशी जोडलेलं असतं, मुलांना हा अर्थ पटकन बसतो.

आणि मर, एम-वाय-आर-आर-एच, १३ गुण. आपला हिराबोळ, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो. काटेरी झाडाच्या सालीतून पाझरून सुकलेला तांबूस, कडू डिंक. दोन आर आणि शेवटी न ऐकू येणारा एच, इथे सगळे चुकतात.

देवळालीकर :
मला या गटात सिझिजी सगळ्यात मोलाचा वाटतो. एस-वाय-झेड-वाय-जी-वाय. तीन खगोल एका रेषेत येणं. सूर्य, चंद्र, पृथ्वी यांच्या बाबतीत हे महिन्यात दोनदा होतं. अमावस्येला चंद्र मध्ये असतो, ती पंचांगातली युती. पौर्णिमेला पृथ्वी मध्ये, ती प्रतियुती. इंग्रजी शब्द दोन्हींना धरून आहे, म्हणून नुसतं ‘युती’ असं भाषांतर मुलांना देऊ नका, अर्धं राहील. दोन्ही तिथींच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत पडते आणि समुद्राला उधाणाची भरती येते. ग्रहणं मात्र प्रत्येक अमावस्या-पौर्णिमेला होत नाहीत, कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण ५ अंशांनी कललेली आहे. म्हणजे रेष बहुतेक वेळा अंदाजे असते, काटेकोर नाही. शब्दातला ‘झिग’ ग्रीकमध्ये बैलाचं जू. तो आणि आपल्या युती, योग यांतला युज् हा धातू एकाच मुळाचे.

पटावर अडचण अशी की वायच्या सोंगट्या संचात दोनच, आणि इथे वाय तीन. तिसरा वाय कोऱ्या, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येणाऱ्या, सोंगटीचा करावा लागतो, तिचे गुण शून्य. म्हणून शब्दाचे २१च होतात. कोरी सोंगटी यात घालवायची का, हा विचार करा. बहुतेक वेळा तीच कोरी सोंगटी सात अक्षरी शब्दाला ठेवली तर ५०चा लाभ जास्त. अनेकवचनात शेवटचा वाय जाऊन आय-ई-एस येतो, म्हणजे शब्द बिनस्वराचा राहत नाही.

गोदातीर :
पी-वाय-एक्स सुद्धा एका मुलाने यादीत आणलाय. १५ गुण दिसतात. अर्थ ‘डबी’. एवढंच?

शब्दखूण :
डबी खरी, पण दोन ठरावीक डब्या. ख्रिस्ती प्रार्थनाविधीत मंत्रून दिलेली भाकरी ठेवायची ती एक. दुसरी ब्रिटनच्या टांकसाळीतली : पाडलेल्या नाण्यांतून नमुने काढून पेटीत ठेवतात आणि वर्षातून एकदा लंडनला सोनारांच्या श्रेणीच्या सभागृहात त्यांचं वजन, व्यास आणि धातूचा कस तपासतात. १३व्या शतकापासूनची ही रीत अजून चालू आहे. तुम्ही नाशिकरोडला आहात, तर मुलं लगेच प्रेसशी जोडतील. तिथे नेमकं सांगा : सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची, दोन्हीकडे छपाई होते. नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टांकसाळीत पडतात. पिक्स हा नाण्यांच्या कसोटीचा शब्द आहे, नोटांचा नाही. अनेकवचन ई-एस लावून.

सिडकोकर :
सी-डब्ल्यू-एम? उच्चारच जमत नाही. यादीत अर्थ ‘दरी’ दिलाय. म्हणजे त्र्यंबकची ब्रह्मगिरीखालची दरी चालेल का उदाहरण म्हणून?

देवळालीकर :
उच्चार ‘कूम’. शब्द वेल्श भाषेतला, आणि वेल्शमध्ये डब्ल्यू स्वराचं काम करतो, ऊ सारखं. म्हणजे बोलणाऱ्यांच्या कानाला त्यात स्वर आहेच. वेल्शमध्ये अर्थ कुठलीही दरी, पण इंग्रजी भूगोलात अर्थ आवळला गेला : हिमनदीने डोंगराच्या अंगात कोरलेला खोलगट भाग, तीन बाजूंनी उभे कडे आणि चौथी बाजू उघडी. हिमनदी आपल्या तळाशी धरलेल्या दगडांनी खडक खरवडत जाते, म्हणून तळ खोलगट होतो. पाण्याने कोरलेली दरी तळाशी इंग्रजी व्ही सारखी निमुळती होते. ब्रह्मगिरी, अंजनेरी हा सगळा बेसॉल्ट आहे, तो पावसाने आणि ओढ्यांनी झिजलाय, इथे हिमनदी नव्हती. ते उदाहरण देऊ नका. योग्य उदाहरण एव्हरेस्टचं : खुंबूच्या हिमप्रपाताच्या वर, साधारण ६००० मीटरच्या पुढे, वेस्टर्न कूम लागतो. ते नाव मॅलरीने १९२१ च्या मोहिमेत दिलं. मुलांना नकाशात दाखवा, स्पेलिंग तिथेच छापलेलं असतं.

पंचवटी_पट :
कूमच्या जोडीने क्रूथ, सी-आर-डब्ल्यू-टी-एच, १३ गुण. हाही वेल्श, धनुकलीने वाजवायचं सहा तारांचं वाद्य. चौकोनी चौकट, वरच्या भागात हात घालायला मोकळी जागा. चार तारा पट्टीवरून जातात, दोन बाजूने मोकळ्या, त्या एकच सूर धरून ठेवतात किंवा अंगठ्याने छेडतात. त्याची घोडी पाहण्यासारखी : एक पाय वरच्या फळीवर टेकतो, दुसरा लांब पाय भोकातून आत जाऊन थेट मागच्या फळीवर टेकतो, त्यामुळे कंप मागेही पोचतो. व्हायोलिनमध्ये या कामासाठी आत वेगळी काडी उभी करतात. घोडी वरून जवळजवळ सपाट असते, म्हणून धनुकली एका तारेवर न राहता एकाच वेळी अनेक तारांना लागते.

गोदातीर :
शेवटचं विचारतो. हे शब्द मुलांच्या हातात बसवायचे कसे, आणि क्यू हातात अडकला तर सोडवायचा कधी?

पंचवटी_पट :
पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करा. एका बाजूला मराठी अर्थ, दुसऱ्या बाजूला शब्द नव्हे, तर त्याची अक्षरं वर्णक्रमाने. कनातसाठी ए-ए-एन-क्यू-टी, फकीरसाठी ए-एफ-आय-क्यू-आर. खेळताना सोंगट्या विस्कटलेल्याच समोर येतात, तेव्हा डोळ्याला तशीच सवय हवी. एका बैठकीत सात-आठ शब्दच द्या, आणि एकाच गटातले द्या. अरबी पक्के झाल्याशिवाय वेल्श काढू नका. वर्णक्रमाची बाजू बघून मुलाने शब्दही सांगायचा आणि अर्थही. अर्थ चुकला तर चिठ्ठी परत ढिगात. स्पर्धेत अर्थ कुणी विचारत नाही, तरी हे करून घ्या. अर्थ माहीत असलेल्या मुलाला एस कुठे लागतो ते बहुधा आपोआप कळतं.

क्यूचं म्हणाल तर, आय किंवा ए हातात येईपर्यंत दोन खेळ्या थांबायला हरकत नाही. त्यापेक्षा जास्त थांबलात तर बाकी सहाच सोंगट्यांवर खेळताय, आणि सात अक्षरी शब्दाची आशा जवळपास गेली. सोंगटी बदलायची तर पिशवीत निदान सात शिल्लक हव्यात. पिशवीत दहा-बारा उरल्या की क्यूचा निर्णय त्याच खेळीत घ्या. डाव संपताना हातात राहिला तर तुमचे १० वजा आणि समोरच्याला १० जमा, म्हणजे फरक २० चा.

शब्दखूण :
आणि बिनस्वराच्यांना एस लावण्यापूर्वी एवढं बघा. कूम, क्रूथ, निम्फ, मर यांना लागतो. एन-टी-एच, म्हणजे गणितातला ‘न वा’, त्याला लागत नाही. पी-एस-एस-टी, एस-एच-एच असल्या आवाजी शब्दांनाही नाही. अपवाद टी-एस-के, च् च् करण्याचा, कारण ते क्रियापदही आहे, त्याला एस, ई-डी आणि आय-एन-जी तिन्ही लागतात. थंडीने कुडकुडण्याचा बी-आर-आर आहे, त्याच्यापुढे एस नाही, पण आणखी एक आर चालतो.